रानडुकरांसाठी बारा बोअर, माळा न बांधता जमिनीवरून: काडतूस कुठलं, थांबायचं कुठं? सल्ला द्या

वारणाकाठचा_गडी
राम राम मंडळी. आमचं रान शिराळा तालुक्यात, चांदोलीच्या खालच्या अंगाला. ऊस आणि भुईमूग. डुकरांनी पार वैताग आणलाय, भुईमुगाच्या शेंगा भरायला लागल्या की रातोरात पट्टाच्या पट्टा उलथून टाकतात आणि उसाची तर बुडं चावून रस पिऊन चोथा थुंकून जातात, सकाळी गेलं की सरीत नुसते पांढरे चोथ्याचे गोळे. आबांच्या नावावर जुनी डबल बॅरल बारा बोअर आहे, परवाना चालू आहे, पण आबा आता 74 चे, गुडघ्यांमुळं रात्रीचं त्यांना जमत नाही. म्हणून मीच जावं म्हणतोय. बांधाला माळा बांधण्यासारखं झाडच नाही, जे करायचं ते खाली उभं राहूनच. एलजी (मोठ्या छर्र्यांचं काडतूस) घेऊ का सिंगल बॉल (एकच गोळी)? जवळ किती येऊ द्यायचं? ज्यांनी खरंच केलंय त्यांनीच सांगा, यूट्यूबवरचं अमेरिकेचं नको, तिकडं हेलिकॉप्टरमधनं मारतात.

कागद_आधी
भावा काडतूस राहू दे बाजूला. परवाना आबांचा म्हणजे बंदूक आबांची, तू एकटा घेऊन रानात गेलास आणि कुणी विचारलं तर थेट आर्म्स ॲक्ट. पण तुझं काम सोपं आहे. आर्म्स रूल्स 2016 चा नियम 25 बघ, परवानाधारकाचं वय 70 झालं किंवा हत्यार 25 वर्षं जवळ असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा परवाना वारसाच्या नावावर करून घेता येतो. सांगलीला कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र शाखेत अर्ज टाक.

दुसरं म्हणजे बंदुकीचा परवाना हा डुक्कर मारायचा परवाना नव्हे, बरेच जण इथंच गल्लत करतात. वन्यजीव कायद्यात 2022 ला दुरुस्ती झाली, ती 2023 च्या एप्रिलपासून लागू आहे आणि रानडुक्कर आता अनुसूची 2 (संरक्षित प्राण्यांची यादी) मध्ये. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम 11 खाली लेखी आदेश मिळू शकतो, त्यासाठी आरएफओकडं (वनक्षेत्रपाल) अर्ज करायचा, सोबत सातबारा आणि नुकसानीचे फोटो. आणि चांदोली नॅशनल पार्कच्या हद्दीत एक पाऊलसुद्धा नाही, डुक्कर तुझ्या रानातनं पळून आत गेलं तर ते गेलं. परवानगीनं मारलेलं डुक्करसुद्धा कलम 39 प्रमाणं सरकारची मालमत्ता असतं, तेव्हा रश्श्याचा बेत मनातनं काढून टाक 😄

ढेबेवाडीकर
वरचं सगळं बरोबर. आता कागद झाले असं धरून सांगतो, आमच्या खोऱ्यात परवानगीवर केलंय.

पहिला वारा. डुकराला दिसतं कमी पण नाक भयंकर. आपल्याकडं डोंगराच्या पायथ्याला दिवसा वारा वर चढतो आणि दिवस मावळला की गार हवा ओढ्याच्या वळणानं खाली उतरते. डुकरं वरच्या जंगलातनं खाली येणार, म्हणजे तुझा वास त्यांच्यापासून लांब, खाली जातोय, हे तुझ्या फायद्याचं. पण हे सगळं अंधार पडून हवा स्थिरावल्यावर, ऐन मावळतीला वारा फिरतो तेव्हा आधीच जाऊन बसलास तर कळपाला कळलंच समज. मी राखुंडीची चिमूट सोडून बघतो.

दुसरं, थांबायचं बांधावर, उंच कडेला, म्हणजे नळीचं तोंड खाली राहतं आणि चुकलेला बार मातीत जातो. जमिनीवरनं आडवा बार हाच सगळ्यात वाईट, पलीकडं कोण पाणी पाजतंय, कुणाची गोठ्यावर वस्ती आहे, ऊसतोडीची कोपी आहे, काही दिसत नाही. आणि उसात हललं म्हणून कधीच मारायचं नाही. कधीच. माणूस बसलेला असतो. अख्खं जनावर डोळ्यानं दिसलं पाहिजे. शेजारच्या रानवाल्यांना त्या रात्री फोन करून सांगून ठेवायचं, लाज वाटून घेऊ नको.

दोन_नळ्या
काडतुसाच्या आधी आबांच्या बंदुकीचं चेंबर (काडतूस बसायची जागा) बघ. जुन्या बंदुका बऱ्याचशा 65 मिमीच्या आहेत, नळ्या काढल्या की खालच्या सपाट भागावर शिक्का असतो. त्यात 70 चं काडतूस आरामात बसतं आणि तिथंच माणूस फसतो, कारण ती लांबी फुटल्यानंतरची असते, बार झाल्यावर काडतुसाचं तोंड उलगडायला जागा मिळत नाही आणि प्रेशर वाढतं. पत्रा बारीक झालेल्या जुन्या नळीला हे नको. आधी गनस्मिथला दाखव.

एलजी 25 यार्डाच्या आत चांगलं. त्याच्या पुढं छर्रे पसरतात, एखादा पोटात लागतो आणि जनावर जखमी होऊन उसात. बॉल जरा लांब चालतो पण नेम धरायला पुढं नुसता मणी असलेल्या बंदुकीनं रात्री कितीसा नेम लागणार. आणि डाव्या नळीला बहुतेक फुल चोक (तोंडाशी आवळलेली नळी) असतो, तिथं बॉल गनस्मिथला विचारल्याशिवाय घालू नको. आधी रेंजवर जाऊन पुठ्ठ्यावर दोन्ही नळ्या मारून बघ.

ढेबेवाडीकर
@दोन_नळ्या माझं मत उलटं, मी बॉलच घालतो. मोठ्या नराच्या खांद्यावर चिवट कातड्याची जाड ढाल असते, छर्रा तिथं अडकतो. आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या लगेच मागं, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. समोरनं येत असेल तर मारू नको, बाजूला हो.

दोन_नळ्या
तुमचा हात बसलेला आहे हो, हा नवखा आहे. नवख्याला जवळचं एलजीच.

वारणाकाठचा_गडी
आणि पोरं गोळा करून हाका घातला, म्हणजे डुकरं उसातनं हुसकावली तर? चार जण उसात, मी बाहेर.

ढेबेवाडीकर
नको. उसात माणसं आणि तोंडाशी भरलेली बंदूक, यातनं काय होतं ते गावागावांत माहीत आहे. जखमी झालं तर रात्री मागं जाऊ नको, नराचे खालचे सुळे मांडी फाडतात. तिथंच काठी रोवून खूण कर, वनरक्षकाला फोन लाव, उजाडल्यावर तो आणि तू मिळून.

कडेगावकर_काकी
सागरेश्वरच्या कडेला आमचं रान, डुकरं आणि हरणं दोन्ही. बंदुकीनं एक पडेल, बाकीचा कळप चार दिवस शेजारच्या रानात जाऊन परत येतो, आणि मादी गाभण राहिली की चार महिन्यांच्या आत वितेय. आम्ही सोलर झटका मशीन लावलं, तारा दोन, खालची गुडघ्याच्याही खाली, आणि बुडातलं गवत सारखं काढायला लागतं नाहीतर तार जमिनीला लागून झटका उतरतो. त्यानं फरक पडला. पण थेट लाईटची तार सोडायची नाही बाबांनो, त्यात माणसं मेल्यात, आणि फासकीत बिबट्या अडकला तर आयुष्यभर कोर्ट. नुकसान झालं की त्याच दिवशी वनखात्याकडं भरपाईचा अर्ज, पंचनामा होईपर्यंत रान आवरायचं नाही, आमच्या शेजाऱ्यानं आवरलं आणि पंचनाम्याला दाखवायला काही उरलंच नाही.

वारणाकाठचा_गडी
काकी झटक्याचं खरंच मनावर घेतो, भुईमुगाच्या पट्ट्याला तरी. बंदुकीचा अर्ज पण टाकतो, आबा म्हणतायत माझ्या हयातीत तुझ्या नावावर होऊ दे. चेंबर बघितलं, 65 आहे.

कागद_आधी
झालं मग, 65 चीच काडतुसं शोध, दुकानदार चालतंय म्हणाला तरी 70 घेऊ नको. अर्जाला आबांचं संमतीपत्र जोड, आणि परवान्यावरचा नंबर नळीवरच्या नंबराशी ताडून बघ, जुन्या परवान्यात एखादा आकडा चुकलेला सापडतो आणि फाईल तिथंच अडकते. निवडणूक लागायच्या आत पळ, आचारसंहितेत बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायला लावतात, मग भुईमूग काढून होईतो ती तिथंच.