मदत हवी आहे : बर्फाखालच्या लोकांचा देव आणि माझी अडकलेली गोष्ट

तिवरांची_सावली

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आमच्या सोसायटीचा (घोडबंदर रोड) छोटासा दिवाळी अंक निघतो. दरवर्षी तीच युरोप टूर आणि तीच भाजणीची चकली, म्हणून संपादक काकांनी यंदा मला गळ घातली की तू विज्ञानकथा दे, तुझं फिजिक्स होतं ना. होतं हो, पंधरा वर्षांपूर्वी बीएस्सीला. आता मी तुर्भ्याला अकाउंट्समध्ये आहे आणि गोष्ट लिहितेय ट्रान्सहार्बर लोकलला उभ्या उभ्या मोबाइलवर, एका हाताने कडी धरून. घटस्थापनेच्या आत द्यायचीये.

तर गोष्ट अशी. गुरूचा युरोपा आहे ना, तसा एक चंद्र, पण दुसऱ्याच कुठल्यातरी ताऱ्याकडचा. वर वीसेक किलोमीटर बर्फ, खाली शंभर किलोमीटर खोल काळामिट्ट समुद्र, तळाशी गरम पाण्याची तोंडं, आणि त्यांच्या आसपास माझे लोक. डोळे नाहीत, उजेडच नाही तर डोळे कशाला, सगळं आवाजावर आणि अंगाला जाणवणाऱ्या दाबावर चालतं. आकाश, तारे, ग्रहण यातलं काहीही त्यांना माहीत नाही. त्यांच्यासाठी बर्फाचं छत म्हणजे देवाची छाती. ती वरखाली होते, आणि त्याला ते श्वास म्हणतात. (हे मी मनाचं नाही घातलेलं, युरोपा साडेतीन दिवसांत गुरूला फेरी मारतो आणि त्याची कक्षा किंचित लांबट असल्यामुळे गुरूची ओढ कमीजास्त होते, खाली समुद्र असेल तर वरचा बर्फ तीसेक मीटर वरखाली होत असणार असा हिशेब आहे.)

दर दुसरा श्वास मोठा असतो. मोठ्या श्वासाला छताला भेगा पडतात आणि वरून प्रसाद झिरपतो. याला पण आधार आहे, बर्फाच्या पृष्ठभागावर किरणोत्साराने ऑक्सिजनसारखी द्रव्यं तयार होतात, ती खाली गेली तर जिवांना उपयोगी पडतील असं शास्त्रज्ञ म्हणतातच. तर हे लोक मोठा श्वास मोजून भेगेत शिरतात, प्रसाद घेतात, भेग मिटायच्या आत बाहेर. मोजण्याचं काम पिढीजात, त्या घराण्यांना मोजणारे म्हणतात. माझी नायिका मोजणाऱ्यांचीच पोर. एका वर्षी हिशेब चुकतो, भेग मिटते, माणसं चिरडतात. पुजारी म्हणतात पाप झालं. ही म्हणते पाप नाही, मोजणी चुकली.

इथून पुढे गाडी अडकलीये. एक तर आकाश न बघता हिला कळणार कसं की बाहेर काहीतरी आहे? आणि शेवट मी असा केलाय की पुजारी तिला गॅलिलिओसारखं जाळायला काढतात, तो मलाच वाचून कसातरी वाटतोय. आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "बरं, मग पुढल्या मोठ्या श्वासाला ते लोक भेगेत जातात की नाही?" मला उत्तरच देता येईना.

बोकोबा

एक बारीक शंका. पाण्याखाली जाळणार कशी? :)

आणि ताई, गॅलिलिओला जाळलं नव्हतं. जाळलं ब्रूनोला, रोममध्ये, १६०० साली. गॅलिलिओवर १६३३मध्ये खटला झाला, त्याने माघार घेतली आणि १६४२ला जाईपर्यंत बिचारा स्वतःच्या घरात नजरकैदेत. गंमत म्हणजे तुम्ही जो युरोपा घेतलाय तो त्याच भानगडीतला आरोपी आहे, जानेवारी १६१०मध्ये त्याला दुर्बिणीतून गुरूजवळ जे चार ठिपके दिसले त्यातला एक. सगळं पृथ्वीभोवतीच फिरतं म्हणणाऱ्यांना ते ठिपके जड गेले.

तिवरांची_सावली

अर्रर्र. पाण्याखाली जाळणं! तीन वेळा वाचलंय मी ते, आणि नवऱ्यानेही वाचलंय, एकालाही खटकलं नाही. थँक्यू बोकोबा.

उपवनवाला

पहिल्या प्रश्नाचं बघतो, दुसरा माझ्या डोक्याबाहेरचा.

नुसता एक ताल असेल तर तिला काहीच सिद्ध करता येणार नाही, देवाचा श्वास हे उत्तर तेवढंच चांगलं आहे. दोन ताल द्या. एक आतला चंद्र ठेवा जो तुमच्या चंद्राशी पक्का बांधलेला आहे (आयो, युरोपा आणि गॅनिमीड या गुरूच्या चंद्रांच्या फेऱ्यांच्या वेळा अशाच १:२:४ मध्ये बांधल्यात, म्हणूनच युरोपाची कक्षा गोल होत नाही आणि आतली ऊब टिकते). आणि बाहेर एक मोठा, मोकळा चंद्र, कुणाशी न बांधलेला, गुरूकडे कॅलिस्टो आहे तसा. त्याच्यामुळे दर दुसरा श्वास मोठा होतो, पण अगदी बरोब्बर दुसरा नाही, पिढ्यान् पिढ्या किंचित सरकत सरकत एक दिवस समऐवजी विषम श्वास मोठा व्हायला लागतो. झाला की नाही तुमचा चुकलेला हिशेब? पुजाऱ्यांचं पाठांतर जुनं, आभाळ पुढे गेलं.

आता बाहेर काहीतरी आहे हे कसं कळेल तर असं, की ग्रह तुमच्या चंद्राच्या एकाच बाजूला कायम टांगलेला असतो, म्हणून साधा श्वास गावोगावी आपापल्या ठरलेल्या वेळीच येतो. पण बाहेरचा चंद्र फिरता आहे, त्याची भरती गावामागून गाव करत पुढे सरकते. नायिकेला लांबून आलेल्या व्यापाऱ्यांकडून कळू दे की त्यांच्याकडे मोठेपणा आधी जाणवला, तिच्याकडे नंतर, त्यापलीकडे अजून नंतर. दोरीवर गाठी मारून तिने ते मांडलं की झालं. छाती एकाच जागी धपापते, ही गोष्ट तर चालतेय, कोणीतरी छतावरून फिरतंय!

एक चूक मात्र दुरुस्त करा, मसुद्यात तुम्ही युरोपाला शेंदरी आकाश वगैरे दिलंय का? इथे नाही दिसलं पण लोक देतात. हवा नावापुरतीच आहे तिथे, आकाश काळंच.

चेंदणीकर

वरच्यांनी लिहिलंय ते वाचून हसू आलं कारण आमच्याकडे हे घरात चालायचं. कोळीवाड्यात आजोबा होते तोवर कॅलेंडरच्या बाजूला पंचांग लटकलेलं आणि भरती कधी ते त्यातून काढायचे, तिथीची पाऊणपट. म्हणजे पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचारला भरती. अष्टमीला सहाला. पौर्णिमा अमावास्या पंधरा धरायची, सव्वाअकराच्या पुढेमागे, त्याच दिवसांत उधाण, आणि अष्टमीच्या बाजूला भांग, पाणी चढतच नाही नीट. हे मुंबईचं, ठाण्याच्या खाडीत आत यायला पाणी अजून थोडा वेळ घेतं तेवढं मनाने धरायचं. कारण साधं आहे, चंद्र रोज पाऊण तासाच्या वर थोडा उशिरा उगवतो. आजोबा चौथी शिकलेले, त्यांना चंद्र पाणी ओढतो हे पक्कं माहीत होतं, आणि नारळी पौर्णिमेला खाडीत नारळ पण तेच सोडायचे, सोनेरी कागद लावून, आधी पाण्यात ठेवून बघायचे की नारळ सरळ तरंगतोय ना. मी कॉलेजात असताना एकदा विचारलं की चंद्र ओढतो तर नारळ कोणाला? म्हणाले, चंद्राला होडी थोडीच सांभाळायचीय.

तुमच्या आईचा प्रश्न बरोबर आहे ताई. ते जाणारच भेगेत. पोट आहे ना.

शेंदूर_उतरला

आता पुन्हा सुरू झालं का, दर गणपतीत कोणीतरी देवावर घसरतंच. कथा लिहायची तर लिहा, धर्माला कशाला मधे ओढता?

तिवरांची_सावली

अहो दादा, माझ्या घरी दीड दिवसाचा असतो, उकडीचे मोदक करून पाठ मोडलीये माझी. गोष्ट वाचून मग चिडा, मी थांबवणार नाही.

गाठ_पंचांगाशी

पंचांगाचा विषय निघालाय तर थांबवत नाही. तुम्ही खटला-बिटला कुठून आणताय युरोप खंडातून, आपल्याकडे हेच नाटक वेगळ्या चालीत होऊन गेलंय आणि तुमच्या गोष्टीला तेच जास्त शोभेल.

आर्यभटाने ४९९मध्ये लिहिलं की ग्रहण म्हणजे सावली, पृथ्वी फिरते वगैरे. ब्रह्मगुप्ताने ६२८च्या ग्रंथात त्याला झोडपलं, राहूला नाकारतोस म्हणजे काय म्हणून. पण त्याच ग्रंथात ग्रहणाचं गणित करताना हा बाबा सावलीचाच हिशेब करतो! पुढे अकराव्या शतकात भारतावर ग्रंथ लिहिणाऱ्या अल्बेरुनीला हे वाचून कळेचना की एवढा मोठा गणिती असं का बोलतो. म्हणजे नाव राहूचं, आकडे सावलीचे. तुमचा मुख्य पुजारी असा करा, येडा नाही, सगळं कळलेला.

आणि मग आपलं घरचं. गणेश दैवज्ञांचं ग्रहलाघव १५२०चं, कोकणातल्या नांदगावचा माणूस, इतकं सोपं गणित करून ठेवलं की तीनशे वर्षं जोशीबुवा त्याच्यावर पंचांगं करत राहिले, आणि हळूहळू पंचांगातले ग्रह एकीकडे आणि आकाशातले भलतीकडे असं व्हायला लागलं (उपवनवाल्यांनी सांगितलं तसंच सरकत सरकत). एकोणिसाव्या शतकात केरूनाना छत्र्यांनी नव्या गणिताने पंचांग सुरू केलं, तेच पटवर्धनी. पुढे टिळकही त्यात उतरले, म्हणून टिळक पंचांग. यात देव आहे की नाही हा वाद कोणीच घातला नाही, दोन्हीकडचे संध्या करणारेच होते. वाद काय, तर चुकलेल्या तिथीला केलेलं श्राद्ध पोचतं का. सुधारणावाल्यांचा मुद्दा एकच, दृक्प्रत्यय, आकाशात दिसतं त्याच्याशी जुळलं पाहिजे. आणि निकाल लागलाच नाही! माझं सासर टिळक पंचांगाचं, माहेर दाते. दोघांचा राशीचक्राचा आरंभ चारेक अंशांनी वेगळा, त्यामुळे एखाद्या वर्षी अधिक महिना निराळा पडतो आणि सासरचे गणपती माहेरच्या महिनाभर आधी बसून उठतात. सासूबाईंना विचारलं खरी चतुर्थी कुठली, तर म्हणाल्या आपली.

बोकोबा

"आपली" हे भारी आहे. तीन शब्दांचा शेवट शोधत होतो, एकच मिळाला.

तिखट_मेथी

मी जरा वाकडं बोलते. तुम्ही सगळे मिळून गोष्टीचं पुरणपोळीकरण करताय. आजोबा नारळ सोडतात, सासूबाई आपली चतुर्थी म्हणतात, सगळे गोड. पण ताईंच्या गोष्टीत माणसं चिरडलीयत. त्या भेगेत कोणाची तरी पोरं होती आणि त्यांच्या आईबापांना सांगितलं गेलं की तुमच्या पापाने गेली. पंचांगात चुकलं तर फार तर श्राद्ध हुकतं. इथे नियम चुकीचा होता हे मान्य केलं तर मोजणाऱ्या घराण्यांना त्या आईबापांसमोर उभं राहून कबूल करावं लागेल की चूक आमची, तुमचं पाप नव्हतंच. ते कबूल करणार नाहीत, देव वाचवायला नाही, तोंड वाचवायला. आणि मुलगी स्वतः त्याच घराण्यातली, म्हणजे चुकलेला श्वास बहुतेक तिच्या बापानेच मोजलेला. हे लिहा की. खटला वगैरे बाजूला ठेवा, बाप आणि मुलगी एका दोरीची दोन टोकं धरून बसलेत आणि गाठी मोजतायत, तो एक प्रसंग नीट लिहिलात तरी गोष्ट उभी राहील.

तिवरांची_सावली

मेथी, अंगावर काटा आला. बापाने मोजलेला. हो. हे मला सुचायला हवं होतं, अकाउंट्समधली आहे मी, चुकीची एन्ट्री कोणाची हे शोधताना ऑफिसात कसं वातावरण होतं ते रोज बघते.

उपवनवाला

मेथीबाईंशी सहमत. तरी दोरी पाण्यात कुजेल का ते बघा.

पिठलंभाकर

मी फार शिकलेला नाही, रबाळ्याला कंपनीत सुपरवायझर आहे, पण एक सांगू का. वरपासून सगळे लिहितायत चंद्राची ओढ, ग्रहाची ओढ. आता मुलगी पुजाऱ्यासमोर जाऊन म्हणणार की हा श्वास नाही, ही ओढ आहे. पुजारी हुशार आहे असं ठरलंय. तो काय म्हणेल? तो म्हणेल, वा पोरी, मी तरी वेगळं काय सांगत होतो, देवाला आपली ओढ आहे. आणि दुसऱ्या दिवसापासून देवळात तेच सुरू, नवीन मोजणी पण त्याच्याच नावाने. मुलीचं गणित स्वीकारलं गेलं, माणसं भेगेत मरायची थांबली, आणि तिचं म्हणणं मात्र कोणी ऐकलंच नाही. आता ती जिंकली का हरली ते तुम्ही ठरवा, मला नाही ठरवता आलं, जेवायच्या सुट्टीत विचार करत बसलो होतो.

गाठ_पंचांगाशी

पिठलंभाकर, नमस्कार घ्या.

तिखट_मेथी

हे चालेल. पण त्या क्षणी बापाचं काय होतं ते हवंच. पुजाऱ्याने ओढ म्हटल्यावर बाप सुटला ना, पाप पण नाही आणि चूक पण नाही. मुलीला ते बघावं लागेल.

तिवरांची_सावली

मंडळी, काल रात्री दोन वाजेपर्यंत लिहिलं. खटला उडवला, जाळपोळ उडवली, शेंदरी आकाश होतं तेही उडवलं (हो उपवनवाले, होतं, तिसऱ्या पानावर). दोरीऐवजी आता शिंपल्यांची माळ आहे, कुजत नाही. बाप मुलगी माळ मोजतात तो प्रसंग दीड पान झालाय आणि त्यात कोणी कोणाशी बोलत नाही, एका शिंपल्यावर दोघांची बोटं थांबतात फक्त. शेवट पिठलंभाकरांचा घेतलाय, परवानगी गृहीत धरली. आईला फोनवर वाचून दाखवला, ती म्हणाली मग पुढल्या वेळी भेगेत कोण आधी शिरतं, बाप का मुलगी? आता यावर परत बसावं लागणार.

चेंदणीकर, आज एकादशी ना, अकरा त्रिक तेहतीस, सव्वाआठ. ठाणे सोडल्यावर पुलावर गाडी आली तेव्हा आठ चाळीस झाले होते, दारातून वाकून बघितलं तर तिवरांच्या पार अर्ध्या खोडापर्यंत पाणी. बाजूच्या बाईंनी विचारलं काय पडलं का खाली, मी म्हटलं नाही हो, भरती बघतेय.

चेंदणीकर

दारातून वाकू नका. बाकी बरोबर.