जुने रेशमी चौकोनी स्कार्फ: कसे वापरावेत आणि कसे जपावेत?

मांजराकाठ (लातूर):

नमस्कार मंडळी. मी लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवते. माझ्या आत्या मुंबईत एका विमान कंपनीत नोकरीला होत्या. गेल्या महिन्यात घर आवरताना त्यांनी दोन जुने रेशमी स्कार्फ माझ्या हवाली केले. पहिला जवळपास ९० सेंटिमीटर लांबी-रुंदीचा आहे, त्यावर घोड्याच्या दोन म्होरक्या (तोंडावर चढवायचा लगामाचा साज) समोरासमोर काढल्या आहेत आणि चित्राच्या आतच ‘एर्मेस-पॅरिस’ अशी अक्षरे आहेत. दुसऱ्यावर गुलाबी, जांभळ्या आणि निळसर-हिरव्या रंगांची वळणदार नक्षी असून तिच्यात ठिकठिकाणी अगदी बारीक अक्षरांत ‘एमिलिओ’ असे लिहिलेले दिसते.

माझी अडचण अशी की, आपल्याकडे स्कार्फ म्हटले की उन्हात गाडीवर निघताना डोळे तेवढे उघडे ठेवून चेहऱ्याभोवती गुंडाळायचा लांबच लांब सुती कपडा एवढीच वस्तू डोळ्यांसमोर येते, आणि या रेशमी चौकोनांचा तर तसा काहीच उपयोग नाही. मी सुती साड्या आणि साधे कुडते वापरते. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी वर्गात हे घालून गेले, तर मुले नुसती बघत बसतील, अशी भीतीही आहेच. शिवाय पहिल्या स्कार्फच्या मध्यावर, जिथे घडी पडत आली आहे तिथे, पिवळसर डाग आहे. शेजारच्या शिंप्याला दाखवला, तर तो म्हणाला, “कड जाड झाली आहे, पिको करून देतो.” स्कार्फ सध्या त्याच्याकडेच आहे. करून घ्यावे का?

शिवणघर (छत्रपती संभाजीनगर):

ताई, सर्वांत आधी शिंप्याकडून तो स्कार्फ परत आणा. ज्याला ते कडेची जाडी म्हणत आहेत, तीच त्या कपड्यातली सर्वांत महागडी मजुरी आहे. एर्मेस या फ्रेंच घराण्याच्या चौकोनाची कड बोटांनी वळून, गुंडाळून हाताने शिवलेली असते आणि ती वळलेली असते सुलट बाजूकडे, म्हणजे जिथे चित्र दिसते त्या बाजूला. तिच्यावर पिको मारला, तर पुन्हा कोणालाही पूर्ववत करता येणार नाही. इस्त्री करतानाही कडेवरून इस्त्री फिरवायची नसते, कारण ती गोल, फुगीर राहिली पाहिजे. भिंगातून पाहिल्यास टाके किंचित कमी-जास्त अंतरावर दिसतील. हाताच्या कामात तसे असतेच आणि ते शुभलक्षण समजावे.

म्होरक्यांची नक्षी बहुधा ‘ब्रीद द गाला’ असावी. एर्मेससाठी नक्ष्या काढणारे चित्रकार ह्यूगो ग्रिगकार यांनी ती १९५७ साली काढली. एर्मेस हे घराणे १८३७ साली पॅरिसमध्ये घोड्यांचा साज बनवण्यासाठी सुरू झाले आणि रेशमी चौकोन आले ते बरोबर शंभर वर्षांनी, १९३७ साली, त्यामुळे त्यांच्या चित्रांत लगाम, खोगीर आणि घोडागाड्या वारंवार येतात. मात्र १९५७ हे नक्षीचे वर्ष आहे, तुमच्या कपड्याचे नव्हे. लोकप्रिय नक्ष्या ते पुन्हा पुन्हा नव्या रंगांत छापतात. म्हणून ‘नक्षी जुनी म्हणजे कपडा तेवढाच जुना’ असे समजून कोणी भाव सांगू लागले, तर हिशेब चुकतो. दुसरा स्कार्फ फ्लॉरेन्सच्या एमिलिओ पुच्ची यांच्या घराण्याचा दिसतो. आपले पहिले नाव नक्षीतच गुंफणे ही त्यांची खूण. पण नक्कल करणारेही ते नाव लिहितातच, तेव्हा केवळ नावावर विसंबू नका. छपाई उलट बाजूला कितपत उतरली आहे, कड हाताची आहे का आणि रेषा जिथे रंगाला भिडते तिथे काटेकोर आहे का, हे तिन्ही एकत्र पाहा.

आता नेसण्याबद्दल, म्हणजे बांधण्याबद्दल. चौकोनी स्कार्फची खरी गंमत घडीत आहे. पलंगावर स्वच्छ चादर टाका आणि स्कार्फ चित्राची बाजू खाली करून पसरा. समोरासमोरची दोन टोके मध्याकडे आणा, आणि मग दोन्ही बाजूंनी मध्याकडेच दुमडत जा, म्हणजे पाचेक सेंटिमीटर रुंदीची तिरकस पट्टी तयार होईल. ९० सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण सुमारे १२७ सेंटिमीटर भरतो. गळ्याभोवती एक वेढा घेतला की दोन्ही बाजूंना साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर उरतात आणि एक सैल, सपाट गाठ मारून टोके खाली सोडायला तेवढे पुरतात. या घडीत मधले मोठे चित्र लपते आणि किनारीचे रंग व चित्राचे तुकडेच काय ते दिसतात. माझ्या मते वर्गात तेवढेच दिसलेले बरे, कारण पूर्ण चित्र छातीवर पसरले की कपडा बोलू लागतो आणि माणूस मागे पडतो.

साडीसोबत एक अट पाळा. काठपदराच्या साडीवर, पैठणीवर तर नाहीच नाही, हा स्कार्फ शोभत नाही, कारण दोन किनारी एकमेकींशी भांडतात. एकरंगी हातमागाच्या सुती साडीवर, बंद गळ्याच्या ब्लाऊजसोबत, गळ्यालगत तो फार छान बसतो. नांदेडच्या खादीच्या पांढरट कुडत्यावर तर मी ग्राहकांना डोळे झाकून सुचवते. मंगळसूत्र त्याच जागी येत असेल, तर त्या दिवशी ते कपड्याच्या आत घाला किंवा लांब साखळीचे घाला, कारण साखळीचा आकडा रेशमात अडकला की धागा ओढला जातो आणि ती ओढ जन्मभर दिसते. सेफ्टी पिन हा शब्दही काढू नका.

तुतीवाला (जालना जिल्हा):

शिवणघर ताईंनी बांधणीबद्दल सांगितले, मी धाग्याबद्दल सांगतो. आमच्याकडे दोन एकर तुती आहे, २०१८ साली जालन्यात कोषांची बाजारपेठ झाली तेव्हापासून आमचे कोष तिथेच जातात. एका चांगल्या पांढऱ्या कोषातून सुमारे हजार मीटरचा अखंड तंतू निघतो. त्याच्या भोवतीचा सेरिसिन नावाचा डिंक उकळून काढला की वजन जवळपास चौथ्या हिश्श्याने घटते आणि आतला चमकदार फायब्रोइन उरतो. हे सांगण्याचे कारण असे की, रेशीम हे केसासारखेच प्रथिन आहे. म्हणून कपड्यांच्या नेहमीच्या पावडरीतला खार आणि डाग ‘खाणारी’ विकरे (एन्झाइम) डागाबरोबर रेशमालाही खातात, आणि ब्लीचमध्ये तर ते चक्क विरघळते.

आपल्या हवेत दोन शत्रू मोठे आहेत: घाम आणि ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेलेला असताना गळ्याशी रेशीम बांधणे म्हणजे त्याला मिठात मुरवणे होय. घामाचे क्षार वाळून धाग्यात राहतात, तो ठिसूळ होतो आणि रंगही फिका पडतो. माझा सल्ला असा की, दिवाळीपासून होळीपर्यंत मनसोक्त वापरा. परभणीकडची डिसेंबरातली पहाट तर त्यासाठीच आहे असे समजा! उन्हाळ्यात ते पर्सच्या कडीला बांधा, मात्र गाडीच्या सीटखालच्या डिकीत कोंबू नका. अत्तर, डिओडोरंट सगळे आधी लावा, ते पूर्ण वाळू द्या आणि स्कार्फ सर्वांत शेवटी बांधा. अंबाड्याला बांधायचा असेल, तर त्या दिवशी केसांना तेल नको, कारण खोबरेल तेलाचा डाग रेशमात बसला की सहजी निघत नाही.

मध्यावरचा पिवळा डाग घडीवरच असेल, तर तिथला धागा आधीच दुबळा झालेला असण्याची शक्यता आहे. वर्षानुवर्षे एकाच रेषेवर दुमडलेले रेशीम त्याच रेषेवर फाटते. म्हणून ठेवताना दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला, किंवा कागदी नळीवर जुन्या धुतलेल्या सुती धोतराचा तुकडा गुंडाळून त्यावर स्कार्फ गुंडाळा.

गोदाकाठ (नांदेड):

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, एका मुद्द्यावर मात्र आधीच सावध करतो, कारण कोणीतरी लवकरच रिठ्याने धुवा असे सांगेल. आमच्या घरी रेशमी साड्या रिठ्यात धुतल्या जात आणि त्याबद्दल आदर आहे. पण रिठ्याच्या पाण्याला स्वतःचा पिवळसर रंग असतो, आणि छापील स्कार्फमध्ये एकाच कपड्यावर अनेक रंग एकमेकांना लागून असतात. साडीला चालते ते इथे चालेलच असे नाही. आपल्या बोअरचे जड पाणी साबणाशी मिळून जो पांढरट थर देते, तोही रेशमाची चमक घालवतो. काही करायचेच असेल, तर आधी ओल्या पांढऱ्या कापसाचा बोळा प्रत्येक रंगावर कोपऱ्यात हलकेच टेकवून पाहा. लाल किंवा गडद निळा कापसावर उतरला, तर पाण्याचा विचार सोडून द्या. माझा एक स्कार्फ मी अशीच चाचणी न करता एका ड्रायक्लिनिंगवाल्याकडे दिला होता. परत आला तेव्हा कडा पापडासारख्या सपाट झाल्या होत्या, आणि चूक माझीच, मी त्याला काही सांगितलेच नव्हते.

फ्रेम करण्याचा सल्लाही बरेच जण देतात. आपल्याकडच्या उजेडात, खिडकीसमोरच्या भिंतीवर, काही वर्षांतच त्याचे रंग उडतील. ताई, बांधून फिरा.

मांजराकाठ (लातूर):

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. शिंप्याकडून स्कार्फ त्याच संध्याकाळी परत आणला. त्याने सुई लावली नव्हती, एवढे नशीब. कापसाची चाचणी केली: म्होरक्यांच्या स्कार्फमधला लाल रंग थोडा उतरला, म्हणून तो धुणार नाही. एमिलिओचा रंग मात्र अजिबात उतरला नाही.

आत्यांना फोन करून विचारले की, तुम्ही हे कसे बांधत होता? त्या हसून म्हणाल्या, “अगं, मी बांधलाच नाही कधी. बॅगेत सगळ्यांत वर ठेवायचे, बॅग उघडली की आधी तोच दिसायचा.” पिवळ्या डागाचे कोडे त्यामुळे काहीसे सुटले.

शिवणघर ताईंनी सांगितल्याप्रमाणे तिरकस घडी घालून पाहिली. मधला भाग मानेमागे, आतल्या बाजूला जात असल्याने डाग पूर्ण लपतो, बाहेर दिसते ती किनार आणि एका म्होरकीची पितळी कडी. घडीची रेषाही आता पूर्वीच्या जागी पडत नाही. सोमवारी तो राखाडी खादीच्या कुडत्यावर घालून गेले. पहिल्या तासाला मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “मॅडम, तुमच्या गळ्यात तो घोड्याचा लगाम आहे का?”