पहाटे स्वेटर, दुपारी पंखा आणि नानांचा खोकला

पिंपळगावचा_पोऱ्या:
आम्ही निफाड तालुक्यातले. थंडी ओसरायला लागली की आमच्या नानांचं (वडील, वय ६४) दरवर्षीचं ठरलेलं, खोकला आणि छातीत शिट्ट्या. पहाटे ८-९ डिग्री आणि दुपारी ३०-३२ असं सुरू झालं की जास्तच. रात्री तीन-चारच्या सुमारास उठून बसतात, खोकून खोकून बेजार, आणि दहा वाजले की माणूस ठणठणीत, द्राक्षबागेत कामाला हजर. गावातले डॉक्टर दरवेळी अँटिबायोटिक आणि कफ सिरप देतात, थोडे दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. बिडी सोडून बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात वातावरणच असंय, सगळ्यांनाच होतंय. नुसत्या तापमानाच्या फरकाने खरंच एवढं होतं का? आणि होत असेल तर करायचं काय, हवामान काय आपल्या हातात नाही.

वैद्यांची_सून:
याला ऋतुसंधी म्हणतात. एका ऋतूचा शेवटचा आठवडा आणि पुढच्याचा पहिला, हे १४ दिवस जपायचे. थंडीत साठलेला कफ वसंतात उन्हाने पातळ होतो आणि त्रास देतो असं आयुर्वेदात सांगितलंय. दही, केळी, फ्रिजचं पाणी बंद करा, सुंठ घालून गरम पाणी द्या.

कोरडी_हवा:
सुंठेचं पाणी द्या, काही बिघडत नाही, पण शिट्ट्या वाजतायत म्हणजे श्वासनळ्या आवळल्यात, ते सुंठेने सुटणार नाही.

आता प्रश्नाचं उत्तर. फरकाने होतं का, तर हो, पण एकट्या फरकाने नाही. चीन आणि कोरियातल्या शहरांत यावर अभ्यास झालेत, किमान आणि कमाल तापमानातलं अंतर वाढलं की दम्याचे, सीओपीडीचे (बिडी-धुराने श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो आजार) पेशंट वाढतात असं बऱ्याच ठिकाणी दिसलंय. कारण समजून घ्या. आपण घेतलेली हवा फुप्फुसात खोल पोचेपर्यंत ३७ डिग्री आणि पूर्ण दमट व्हावी लागते. ७ डिग्रीच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त ८ ग्रॅम वाफ मावते, ३७ डिग्रीच्या हवेत ४४ ग्रॅम. मधलं सगळं पाणी नाकाने आणि श्वासनळीने स्वतःच्या अस्तरातून द्यायचं. म्हणजे बाहेर दव पडलेलं असू दे, मोबाईलवर आर्द्रता ९० टक्के दिसू दे, छातीच्या दृष्टीने ती हवा कोरडीच. अस्तर सुकलं की कफ चिकट होतो, तो वर ढकलणारे बारीक केस मंदावतात, आणि ज्याच्या नळ्या आधीच हळव्या आहेत त्याच्या आवळतात.

दुसरं म्हणजे शरीराचं घड्याळ. श्वासनळ्या तशाही पहाटे चारच्या आसपास सगळ्यात अरुंद असतात, सगळ्यांच्याच, फक्त दमेकऱ्याला ते जाणवतं. नानांची वेळ बघा तुम्हीच.

तिसरं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की जमीन रात्री पटापट गार होते, म्हणून तर तुमच्याकडे एवढा फरक पडतो. पण मग जमिनीलगत गार हवा आणि वर उबदार हवा असं झाकण बसतं, खालचा धूर वर जातच नाही, ऊन तापेपर्यंत तिथेच. तुमच्याकडे पहाटे धूर कशाकशाचा असतो ते सांगा.

दादर_पश्चिम:
आमच्याकडे समुद्रामुळे एवढा फरक नसतो पण फेब्रुवारीत खारे वारे उशिरा सुटले की दुपारी ३५ च्या वर आणि पहाटे १८, बिल्डिंगमध्ये प्रत्येक मजल्यावर खोकला. वर एसी १८ वर लावून झोपणारे लोक. नाशिकला दिवसभरात जो फरक पडतो तो हे घराच्या दारात एका पावलात करतात 😄

पिंपळगावचा_पोऱ्या:
@कोरडी_हवा धूर म्हणाल तर भरपूर. पारा ५-६ वर आला की मणी तडकू नयेत म्हणून आम्ही सगळेच बागेत पहाटे शेकोट्या करतो, ओला पाला टाकून धूर करायचा, आणि ते काम नानाच करतात, दुसऱ्या कोणाच्या हातून त्यांना पटत नाही. भुरीसाठी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) गंधक धुरळतात तेव्हाही तेच पुढे, तोंडाला उपरणं. घरात डासांची कॉइल असते. आई पाणी तापवायला अजून बंबच पेटवते. हे सगळं मी कधी एकत्र धरलंच नव्हतं.

पंपवाला:
मला स्वतःला दमा आहे म्हणून लिहितो. मेडिकलमध्ये पीक फ्लो मीटर मिळतं, श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी प्लास्टिकची नळी असते, फार महाग नाही. सकाळी उठल्यावर आणि संध्याकाळी, तीनदा जोरात फुंकायचं आणि मोठा आकडा वहीत लिहायचा, बाजूला त्या दिवशीचं किमान-कमाल तापमान आणि शेकोटी केली का तेही लिहा. समजा सकाळी २८० आणि संध्याकाळी ३४०, तर फरक ६०, सरासरी ३१०, म्हणजे १९ टक्के. मोठ्या माणसात एक-दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांच्या वर जात असेल तर दम्याचा संशय घेतात. ती वही घेऊन छातीच्या डॉक्टरकडे जा आणि स्पायरोमेट्री (मशीनमध्ये फुंकून फुप्फुसांची तपासणी) करून घ्या, बिडीचा इतिहास आहे म्हणजे सीओपीडीही बघायला हवा. अँटिबायोटिक जंतूंवर असतं, आवळलेल्या नळीवर नाही.

आणि पंपाची (इनहेलरची) सवय लागते वगैरे ऐकू नका. रोजचा पंप सूज कमी करतो, तातडीचा पंप नळ्या लगेच मोकळ्या करतो, दोन्ही वेगळे. बरं वाटलं की रोजचा बंद करतात आणि पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा शून्यापासून सुरुवात, हे मी फार जणांचं बघितलंय. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या आणि रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं म्हणून नंतर चूळ भरा.

मात्र बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा तातडीच्या पंपानेही फरक पडत नसेल तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच हॉस्पिटल गाठायचं.

कोरडी_हवा:
+१. कॉइल आजच बंद करा, मच्छरदाणी लावा. उपरण्याने गंधक अडत नाही, एन९५ लागेल, आणि धुरळणीला दुसऱ्या कोणाला पाठवता आलं तर उत्तम. फ्लूची लसही डॉक्टरांना विचारा.

पिंपळगावचा_पोऱ्या:
मीटर उद्या पिंपळगावात बघतो, नाहीतर नाशिकहून आणतो. कॉइल आणि बंबाचं आईशी बोललो, ती तयार आहे. शेकोटीचं नानांना कोण सांगणार हा प्रश्न आहे, मामांना मध्ये घालावं लागेल.