मोठ्या विदेशी अजगरांच्या विक्रीवर सरकारनं बंदी घालावी का? भाचा ऐकायलाच तयार नाही

आखाड्यावरचा_मामा (परभणी)

राम राम मंडळी. विषय जरा वेगळाच आहे, हसू नका.

माझा भाचा संभाजीनगरला इंजिनिअरिंगला आहे, रूम करून राहतो. परवा शेतातल्या आखाड्यावर आला आन् मोबाईलवर पिवळ्याधम्मक सापाचा फोटो दाखवून म्हणला मामा हा घ्यायलोय मी, बर्मीज अजगर, अल्बिनो, पिल्लू आहे दोन फुटाचं. म्हणलं मोठा किती होतो रे, तर म्हणे पंधरा-सोळा फूट, पण सावकाश. सावकाश म्हणजे काय बाबा, रूम सावकाश वाढणार आहे का त्याच्यासंगं! इन्स्टावर कुणीतरी विकायलंय, कागद-बिगद काही नाही. ताईला पत्ताच नाही, तिला वाटतंय पोरगं रूमवर मासे पाळायलंय.

मी रागावलो तर उलटं मलाच शिकवायला लागला. म्हणे अमेरिकेत 2012 ला सरकारनं अशा मोठ्या सापांच्या आयातीवर बंदी आणली ती नुस्ती घाबरगुंडी, पाळणारे लोक कोर्टात गेले आन् जिंकले. आपल्याकडं तर म्हणे तसा कायदाच नाही. आपल्याला काय त्यातलं कळत नाही, इथं साप निघाला की आम्ही जनावर निघालं म्हणतो आन् बॅटरी घेऊन पळतो. जाणकारांनी सांगा, खरं काय आहे? आन् बंदी पाहिजे का नको?

गोदाकाठचा_सर्पमित्र (नांदेड)

मामा आधी त्याला फोन लावा आणि पैसे देऊ नको म्हणा, बाकी चर्चा नंतर.

बर्मीज अजगर नाव विदेशी वाटतं पण ते आपल्याच ईशान्य भारतातलं जनावर आहे, त्यामुळं आपला अजगर काय आणि हा काय, दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली येतात. आपला अजगर तर अनुसूची 1 मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला, 3 ते 7 वर्षं आत. "कायदाच नाही" हे विकणाऱ्याचं वाक्य आहे, भाच्याचं नाही.

जे खरंच बाहेरचे आहेत, म्हणजे बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) वगैरे, त्यांच्यासाठी 2022 ला कायद्यात दुरुस्ती झाली आणि 2024 च्या फेब्रुवारीत नियम आले. ज्याच्याकडं असा प्राणी आहे त्यानं परिवेश पोर्टलवर, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या वेबसाइटवर, नोंद करायची. पिल्लं झाली तरी सांगायचं, मेला तरी सांगायचं, दुसऱ्याला दिला तरी सांगायचं. त्याच दुरुस्तीत कलम 62-अ आहे, बाहेरून आलेली जी जात इथल्या जंगलाला धोका करेल तिची आयात, विक्री, बाळगणं सगळं केंद्र सरकार बंद करू शकतं. म्हणजे हत्यार आहे, फक्त उपसायचं कधी एवढाच प्रश्न.

आता माझा एक अनुभव. मागच्या पावसाळ्यात कॉल आला, नालीत घोणस आहे, शे-दीडशे माणूस जमलंय, दोघांच्या हातात लोखंडी रॉड. जाऊन बघतो तर बॉल पायथन! तोंड पोटाखाली घालून चेंडूसारखा गुंडाळून बसलेला बिचारा. कुणीतरी हौसेनं आणला, कंटाळला, सोडून दिला. पाच मिनिटं उशीर झाला असता तर गेलाच होता. म्हणून मला कुणी विचारलं तर बंदी पाहिजेच म्हणतो, पण ज्याच्या घरात आधीच आहे त्यानं तो द्यायचा कुठं हे आधी सांगा, नाहीतर बंदीच्या दुसऱ्या दिवशी सगळे साप नालीत दिसतील.

अंबाजोगाईची_लेक

मी मूळची अंबाजोगाईची, लग्नानंतर फ्लोरिडात. मामा, भाच्याला म्हणावं इकडं ये, दाखवते घाबरगुंडी.

इथं एव्हरग्लेड्स म्हणून प्रचंड मोठी दलदल आहे. लोकांनी हौसेनं पाळलेले बर्मीज अजगर तिथं सुटले, काही मालकांनी सोडले, काही 1992 च्या अँड्र्यू वादळात एक पैदास केंद्र उद्ध्वस्त झालं तेव्हा गेले असं म्हणतात. 2000 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी मान्य केलं की ते आता तिथं पिलावळ करून कायमचे राहिलेत. आणि बंदी आली कधी, 2012 ला! तीही चार जातींवर, आणखी चार 2015 ला. सोयाबीन घरात आल्यावर कुंपण घातल्यासारखं.

त्याच 2012 ला एक अभ्यास आला होता, रात्री रस्त्यानं गाडी चालवत किती प्राणी दिसतात ते मोजलेलं. रॅकून म्हणून मांजराएवढं-कुत्र्याएवढं जनावर असतं ते 99 टक्क्यांनी कमी झालेलं, ससे तर दिसलेच नाहीत. 2022 मध्ये इथल्या शास्त्रज्ञांनी पकडलेली एक अजगराची मादी जाहीर केली, 18 फुटांच्या आसपास, वजन 98 किलो (म्हणजे क्विंटलला दोन किलो कमी) आणि पोटात 122 अंडी. हे सगळं कुणाच्या तरी हातातल्या दोन फुटी पिल्लापासून सुरू झालं.

आणि पकडायला कोण आलं माहितीये? 2017 ला तमिळनाडूतले दोन इरुला, म्हणजे साप पकडण्यात तरबेज असलेल्या आदिवासी जमातीतले, मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. कुत्री, यंत्रं घेऊन फिरणाऱ्यांना जे दिसत नव्हते ते या दोघांनी गवत बघून, माग काढून आठवडाभरात 13 पकडले. 2023 ला दोघांना पद्मश्री मिळाली. मला तर तेव्हा इतकं भरून आलं होतं काय सांगू.

काचेतला_दोस्त (संभाजीनगर)

सगळे एकाच बाजूनं बोलायलेत म्हणून लिहितो. माझ्याकडं बॉल पायथन आहे, नोंद केलेला, कागद दाखवू शकतो. चार फुटाचा आहे, तीन वर्षात कुणाला चावला नाही, आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी मात्र दोघांना फोडलंय.

भाचा अर्धा बरोबर आहे. 2017 ला तिकडच्या अपील कोर्टानं खरंच सांगितलं की त्या कायद्यानं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात साप नेणं अडवता येत नाही. आणि पाळणाऱ्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता हो, फ्लोरिडाच्या दलदलीत जो साप जगतो तो वरच्या बर्फाळ राज्यात सुटला तर पहिल्याच हिवाळ्यात मरतो, मग अख्ख्या देशाला एकच नियम कामून? ज्याचा धंदा त्याच्यावर होता तो तर झोपला ना. बंदी केली की चांगला, कागदोपत्री पाळणारा मागं सरतो आणि 2023 ला मुंबई विमानतळावर सापडले तसले बिस्किटाच्या पुड्यात साप भरून आणणारे राहतात. आमच्यासारख्यांना चोर समजू नका एवढंच.

(बर्मीज घ्यायचा नाही हे मात्र मी पण सांगतो. रूममध्ये तर अजिबातच नाही. दहा फुटाच्या वर गेलेला साप एकट्यानं हाताळायचा नसतो, हा नियम पाळणाऱ्यांचाच आहे.)

औशाचा_पाटील (लातूर)

सापातलं कळत नाही पण बाहेरून आलेल्यातलं लई कळतंय. गाजरगवत अमेरिकेच्या गव्हासंगं आलं म्हणतात, पुण्यात 1955 च्या सुमारास दिसलं, आज माझ्या बांधावर छातीएवढं हाय. उपटून उपटून हाताला खाज, आईला तर त्याचा दमाच लागला. 2022 ला शंखी गोगलगायींनी दोनदा पेरलेलं सोयाबीन दोनदा खाल्लं, आम्ही रात्री बॅटरी लावून पोत्यानं येचत होतो, मिठाच्या पाण्यात टाकत होतो. त्या टायमाला एक बी माणूस म्हणला न्हाई की आमच्या गोगलगायीला चोर समजू नका.

काचेतला_दोस्त (संभाजीनगर)

पाटील 😂 बरं हरलो. पण गोगलगाय कुणी पाळत नव्हतं.

अंबाजोगाईची_लेक

काचेतला दोस्त, कोर्टाचं तुम्ही बरोबर लिहिलंय पण पुढचं पण लिहा की. ते कायद्यातल्या शब्दरचनेवर होतं, साप निरुपद्रवी आहे असं कोर्ट म्हणलं नाही. बाहेरून आणायला बंदी तशीच आहे. आणि फ्लोरिडानं 2021 मध्ये स्वतःच्या राज्यात हे मोठे अजगर सरळ प्रतिबंधित यादीत टाकले, म्हणजे तुम्ही म्हणता तसं ज्याचं त्याच्यापुरतंच झालं शेवटी.

आणि सर्पमित्र दादा, तुम्ही म्हणलात ना द्यायचा कुठं, इथं त्याची सोय आहे. कुणीही आपला विदेशी प्राणी आणून द्यायचा, दंड नाही, चौकशी नाही, मग ज्याची पात्रता आहे त्याच्याकडं तो देतात. मला वाटतं इथल्या सगळ्या प्रकरणात तेवढीच एक गोष्ट शहाणपणाची झाली.

आणखी एक, मामा तुम्हाला आवडेल. 2018 ला या फ्लोरिडातल्या सुमारे 400 सापांची जनुकं तपासली तर 13 सापांत आपल्या भारतीय अजगराचा अंश निघाला. म्हणजे या दोघांचं जमतं. उद्या कुणी बर्मीज गोदावरीकाठी सोडला तर तो आपल्या अजगराला खाणार नाही, त्याच्याशी सोयरीक करील, आणि मग आपला अस्सल अजगर उरणार कुठं?

गोदाकाठचा_सर्पमित्र (नांदेड)

हे सोयरिकीचं मला माहीत नव्हतं. ऊसतोडीत दरवर्षी दोन-तीन अजगर काढतो मी, डोक्यातच आलं नाही कधी.

आपल्याकडं 2020 ला केंद्रानं सहा महिने मुभा दिली होती, स्वतःहून सांगा, कागद मागणार नाही. पण तालुक्याच्या ठिकाणी ते पोचलंच नाही हो. परत एकदा द्यावी आणि यावेळी गणपती मंडळांच्या बोर्डावर लावावी. मामा, भाच्याला सापाचा एवढा नाद असेल तर पाठवा माझ्याकडं, आधी नुस्तं बघायचं, हात लावायचा नाही.

आखाड्यावरचा_मामा (परभणी)

सगळ्यांचे आभार. अख्खी चर्चा भाच्याला वाचून दाखवली. कोर्टाच्या मुद्द्यावर बराच वेळ हुज्जत घातली, मग ते 13 सापांचं ऐकून गप झाला, म्हणला हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. साप रद्द. दोन हजार ॲडव्हान्स दिला होता म्हणे, तो गेला.

आता त्यानं सर्पमित्र दादांचा पत्ता मागितलाय, पावसाळ्यात नांदेडला जायचं ठरवलंय, नाग-घोणस बघायला. ताईला हे सगळं काल कळलं. ती म्हणायली त्यापेक्षा डब्यातला अजगर परवडला असता.