टेंडनच्या शस्त्रक्रियेला दहा आठवडे झाले. पॉवर प्रेसवर कामाला केव्हा परतावे?

भोसरीचा ऑपरेटर:

नमस्कार. मी भोसरीतील एका पत्राकामाच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारे व आकार देणारे यंत्र) चालवतो. जून २०२३ मध्ये डायमध्ये (प्रेसच्या साच्यात) अडकलेली पत्र्याची पट्टी हाताने ओढून काढताना तिची कड उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या मुळाशी, तळव्याच्या बाजूने घुसली. दोन्ही बोटे मिटवणारे टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) तुटले आणि अनामिकेची एका बाजूची नसही (स्पर्श कळवणारा मज्जातंतू) कापली गेली. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे स्प्लिंट (हात स्थिर ठेवणारा आधार) होते आणि आता आठवड्यातून तीन वेळा फिजिओथेरपी चालू आहे.

आज दहा आठवडे पूर्ण झाले. मधले बोट तळव्याला टेकते, पण अनामिका साधारण दीड सेंटिमीटर अलीकडेच थांबते आणि तिची एक बाजू अजून बधिर आहे. चहाचा कप धरता येतो, पाण्याने भरलेली बादली मात्र उचलण्याची हिंमत होत नाही.

सुपरवायझरांचा निरोप आला आहे की सोमवारपासून यावे, सध्या बसून माल मोजण्याचे काम देऊ, फक्त हजेरीवर सही करावी. विमा दवाखान्यातले डॉक्टर विचारतात की फिट लिहून देऊ का, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणतात की अजून थांबा. विम्याचे पैसे मिळतात, पण उशिरा मिळतात, आणि घरभाडे व मुलांची फी कोणासाठी थांबत नाही. शिवाय ठेकेदार माझ्या जागी दुसरा माणूस घेईल ही भीती आहेच.

आणखी एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो. शेजारी कुठे पत्रा पडल्याचा आवाज झाला तरी माझा हात आपोआप मागे जातो. अशा मनःस्थितीत मी प्रेससमोर उभा कसा राहू?

हाताची फिजिओथेरपिस्ट:

दादा, आपण सविस्तर लिहिलेत हे बरे केले, कारण अशा दुखापतीत नेमकी जागा फार महत्त्वाची असते. बोटाच्या मुळापासून मधल्या पेरापर्यंतच्या भागात बोट मिटवणारे दोन टेंडन एकाच अरुंद बोगद्यातून जातात. शिवलेले टेंडन तिथे भोवतालच्या आवरणाला चिकटते, आणि ते चिकटू नये म्हणून लवकर व जोरात हलवावे तर टाके तुटण्याचा धोका असतो. आमची सगळी कसरत या दोन धोक्यांच्या मधली असते.

दहाव्या आठवड्यात टेंडन सांधलेले असते, पण पूर्ण जोराचा ताण घेण्याइतके भरवशाचे झालेले नसते. साधारण बारा आठवड्यांपर्यंत आम्ही पूर्ण ताकदीची पकड करू देत नाही, किंबहुना डायनॅमोमीटरवर पूर्ण जोर लावून पकड मोजण्याचेही टाळतो. कप धरणे आणि बादली उचलणे यांत आपल्याला जो फरक जाणवतो तो खरा आहे आणि आपली भीती योग्य जागी आहे.

अनामिकेबाबत एक गोष्ट तपासून घ्या. डाव्या हाताने ती हळूच मिटवली तर तळव्याला टेकते का? टेकत असेल आणि स्वतःच्या जोरावर टेकत नसेल, तर टेंडन चिकटले असण्याची शक्यता अधिक असते. अशा वेळी मधले पेर डाव्या हाताने स्थिर धरून फक्त टोकाचे पेर मिटवण्याचा व्यायाम दिवसातून अनेकदा, थोडा थोडा करायचा असतो, आणि व्रणाची मालिशही सोडायची नसते. दुसऱ्या हातानेही ती टेकत नसेल तर सांधा आखडला आहे आणि त्याचा उपचार वेगळा आहे. कोणता प्रकार आहे हे आपल्या फिजिओथेरपिस्टकडून निश्चित करून घ्या. कणकेचा गोळा दाबणे किंवा कपडे वाळत घालण्याचे चिमटे उघडणे यांसारखे ताकदीचे व्यायामही त्यांनी सांगितल्यावाचून वाढवू नका.

नसेची वाढ दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने होते. मुळापासून टोकापर्यंतचे अंतर पाहता बधिरपणा अजून काही महिने राहू शकतो, आणि थोडा कायमचाही राहू शकतो. तोवर त्या बाजूला गरम तवा किंवा पत्र्याची कड लागली तरी कळणार नाही, म्हणून हात कुठे आहे हे डोळ्यांनी पाहायची सवय लावा.

आता कामाविषयी. 'फिट आहे की नाही' हा प्रश्न अपुरा आहे, कोणत्या कामासाठी फिट, हे विचारले पाहिजे. एका पत्र्याचे वजन किती, एका शिफ्टमध्ये तो किती वेळा उचलावा लागतो, चिमट्याने धरता येतो की बोटांनीच धरावा लागतो, अडकलेला माल काढायला काय वापरतात, हे सगळे कागदावर लिहून आपल्या फिजिओथेरपिस्टना द्या. आम्ही तेवढ्याच वजनाची, बोथट कडेची वस्तू देऊन तीच हालचाल तितक्याच वेळा करून घेऊ शकतो. हा सराव उपचाराचाच भाग आहे, आणि तो झाल्याशिवाय प्रेसवर जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

वाळूजचा प्रेसमन:

माझी तर्जनी अशीच कापली होती. मी सातव्या आठवड्यात कामावर गेलो, कारण मलाही बसून करण्याचे काम देऊ असेच सांगितले होते. पहिले तीन दिवस तसे झालेही. चौथ्या दिवशी एक माणूस कमी होता, मला मशिनवर उभे केले, आणि अडकलेला तुकडा ओढताना बोटात टक् असा आवाज होऊन बोट सरळ झाले ते मिटेचना. टेंडन पुन्हा तुटले होते. नंतर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्या वेळी बोटात सिलिकॉनची कांडी बसवली, आणि तीन महिन्यांनी तिच्या जागी मनगटाजवळून काढलेले टेंडन घातले. कामावर परतायला एकूण नऊ महिने लागले आणि बोट आजही पुरते मिटत नाही.

तरीही घरी बसून राहणेही बरे नव्हे असे मला वाटते. दुसऱ्या वेळी मी दर आठवड्याला एकदा, काम न करता, परवानगी घेऊन तासभर कारखान्यात मशिनच्या शॉपमध्ये जाऊन लांब उभा राहत असे. आवाजाची भीती त्यानेच कमी झाली. हलके काम खरोखर हलके राहणार असेल आणि ते लिहून मिळत असेल, तर ते जरूर घ्यावे. नुसत्या तोंडी शब्दावर मात्र जाऊ नये.

निवृत्त कार्मिक अधिकारी:

मी कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण हजेरीवरील सहीचा मुद्दा कोणी घेतलेला नाही आणि माझ्या अनुभवात कामगाराचे नुकसान नेमके तिथेच होते.

आपल्याला सध्या जे मिळत आहे ते २०२३ मध्ये लागू असलेल्या कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील तात्पुरत्या अपंगत्वाचे साहाय्य आहे. ते सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के असते आणि डॉक्टरांनी प्रमाणित केलेले अपंगत्व असेपर्यंत चालू राहते. परंतु ज्या दिवशी आपण काम करून वेतन घेता त्या दिवसासाठी हे साहाय्य मिळत नाही. म्हणून एकीकडे प्रमाणपत्र चालू आणि दुसरीकडे हजेरीवर सही, असे करू नका. तसे केल्यास उद्या आपल्यावरच चुकीचा दावा केल्याचा ठपका येईल. डॉक्टरांनी अंतिम प्रमाणपत्र दिले की साहाय्य थांबते, त्यामुळे 'फिट लिहू का' या प्रश्नाला घरभाड्याच्या काळजीने उत्तर देऊ नका. फिजिओथेरपिस्टकडून बोटांच्या हालचालींची मोजमापे आणि अभिप्राय लेखी घ्या आणि तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.

नोकरीबद्दल सांगायचे तर, हे साहाय्य चालू असताना मालकाने कामगाराला काढून टाकण्यास त्याच कायद्याच्या कलम ७३ ने मनाई केलेली आहे. आपण ठेकेदाराकडे असलात तरी विम्याच्या अंशदानाची (वर्गणीची) जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कारखान्यावर, येते. अपघाताची नोंद अपघात पुस्तिकेत झाली आहे का आणि अहवाल विमा कार्यालयात गेला आहे का, हे मात्र या आठवड्यातच पाहून घ्या.

शेवटचे आणि महत्त्वाचे म्हणजे, उपचार संपल्यावर बोटात उणेपण राहिले तर वैद्यकीय मंडळासमोर जाण्यासाठी अर्ज करा. मंडळाने कमाईच्या क्षमतेत कायमची घट ठरवली तर त्या प्रमाणात मिळणारे साहाय्य आयुष्यभर असते, आणि ते आपण पूर्ण पगारावर काम करीत असतानाही मिळते. पुष्कळ कामगार कामावर परतले म्हणजे हक्क संपला असे समजून हा अर्जच करीत नाहीत.

भोसरीचा ऑपरेटर:

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तपासले. डाव्या हाताने अनामिका तळव्याला टेकते, म्हणजे चिकटल्याचा प्रकार दिसतो. अपघात पुस्तिकेतील नोंद पाहायला मित्राला सांगितले आहे. सोमवारी सही करणार नाही असे सुपरवायझरांना कळवले आणि हलके काम कोणते ते लिहून मागितले. त्यांनी अजून उत्तर दिलेले नाही. पत्र्याचे वजन पावणेदोन किलो आहे आणि एका शिफ्टमध्ये सुमारे आठशे वेळा उचलावा लागतो.

हाताची फिजिओथेरपिस्ट:

मग हे दोन्ही आकडे उद्याच्या भेटीत आपल्या फिजिओथेरपिस्टना सांगा. बाराव्या आठवड्यानंतर त्यांनी संमती दिली की अर्धा किलोपासून, दिवसाला वीसपंचवीस वेळा इतक्यानेच सुरुवात करता येईल, आणि दुसऱ्या दिवशी सूज आली तर वजन न वाढवता एक पायरी मागे यायचे. आवाजाने हात मागे जातो हेही त्यांना आणि डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. ज्या यंत्रावर इजा झाली त्याच्याविषयी असे होणे अगदी स्वाभाविक आहे, पण महिनाभरात ते ओसरले नाही किंवा झोप उडू लागली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याची विनंती करा.