मदत हवी आहे: फर्मी या आडनावाचा अर्थ

मंडळी, इटालियन येणारं कुणी आहे का? भाची शाळेत इटालियन भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींवर बोलणार आहे. १९३४ साली रोममध्ये त्यांनी चांदीवर सोडलेल्या न्यूट्रॉनच्या (अणुकेंद्रातले कण) वाटेत पॅराफिन मेणाचा ठोकळा ठेवून ते मंद केले, तर चांदीतला किरणोत्सर्ग उलट वाढलाच! १९३८च्या नोबेलमध्ये हेही काम होतं.

आता गंमत बघा. रोमच्या बसथांब्यावर ‘फेर्माता’ लिहिलेलं असतं. ‘फेर्मो’ म्हणजे स्थिर, थांबलेला. त्याचं अनेकवचन ‘फेर्मी’. न्यूट्रॉनना ब्रेक लावणाऱ्याचं आडनावच ‘थांबलेले’! (आपल्याकडे सहस्रबुद्धे, तिकडे हे.)

पण आडनाव खरंच या शब्दावरून आलं, की फेर्मो नावाच्या गावावरून, आपल्या ‘कर’वाल्यांसारखं? शुक्रवारी भाषण आहे. खात्रीचं माहीत असेल तरच सांगा, अंदाज माझेच भरपूर झालेत.