सासऱ्यांची घरची केअर: पैसे एनएचएस देणार की काउन्सिल?

मिडलंड्सची सूनबाई:
नमस्कार मंडळी, इंग्लंडमधल्या कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. सासरे ८२ वर्षांचे, ब्रिटिश सिटिझन, खुब्याचं ऑपरेशन झालंय आणि वॉर्डवाले म्हणतायत आता फिट आहेत, घरी न्या. पण उठवायला, आंघोळीला, संडासला न्यायला माणूस लागणार, आम्ही दोघं नोकरीला आणि सासूबाईंचे गुडघे गेलेत. वॉर्ड म्हणतो काउन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, विचारा, काउन्सिल म्हणते हॉस्पिटलचा रेफरलच आला नाही, रोज हेच. आणि वाचलं तर एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) आणि काउन्सिल या दोघांचा मिळून एक बेटर केअर फंड असतो म्हणे! मग ही टोलवाटोलवी का? आम्हाला किती भरावं लागेल?

कमिशनिंगवाला:
ताई, मी दुसऱ्या एका काउन्सिलमध्ये कमिशनिंगमध्ये, म्हणजे अशा केअर सेवा ठरवून विकत घ्यायच्या कामात आहे. फंड खरा आहे, एप्रिल २०१५ पासून चालू, पहिल्या वर्षी किमान ३.८ अब्ज पौंड, पण त्यातला बराचसा पैसा एनएचएसच्या चालू बजेटमधूनच बाजूला काढलेला होता. २००६ च्या एनएचएस कायद्यातल्या कलम ७५ खाली करार होतो, काउन्सिल आणि इंटिग्रेटेड केअर बोर्ड (एनएचएसचं त्या भागातलं पैसे सांभाळणारं मंडळ) पैसे एकत्र टाकतात आणि दोघांपैकी एक जण तो पूल सांभाळतो. गोची अशी की पैसे एकत्र झाले तरी नियम दोनच राहिले, एनएचएसची ट्रीटमेंट फुकट आणि सोशल केअरला (आंघोळ वगैरे रोजची मदत) मीन्स टेस्ट, म्हणजे बचत-उत्पन्न बघून पैसे, त्यामुळे कुठलं काम कुणाच्या खात्यात यावरून ओढाताण होतेच. पण हा हिशोब त्यांनी आपसात करायचा, निरोप पोचवायला तुम्ही कशाला? वॉर्डात ‘ट्रान्सफर ऑफ केअर हब’ (हॉस्पिटलमधून घरी जाणाऱ्यांची सोय बघणारी टीम) कुठे आहे ते विचारा, तिथे दोन्हीकडची माणसं असतात. केस कोण बघतंय त्याचं नाव आणि फोन घेतल्याशिवाय हलू नका. आणि रिएबलमेंट मागा, म्हणजे माणूस परत स्वतःचं स्वतः करायला लागावा म्हणून घरी येऊन मदत, मंजूर झाली तर ६ आठवड्यांपर्यंत फुकट.

ओटी ताई:
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी), म्हणजे पेशंटला रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून मदत करणारी. आज घरी गेल्यावर पलंग, नेहमीची खुर्ची आणि संडासची सीट, तिन्हींची जमिनीपासूनची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून वॉर्डातल्या ओटीला द्या. खुब्याच्या पेशंटला खाली बसून उठणं हेच जड जातं, आपल्याकडचे सोफे तर फारच खोल असतात. संडासची उंच सीट, कमोडची खुर्ची, पकडायचे दांडे, १००० पौंडांपर्यंतची अशी मदत गरज ठरली की फुकट असते. वॉक-इन शॉवर करायचा झाला तर डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट (घरात असे बदल करायला अनुदान), इंग्लंडमध्ये ३०,००० पौंडांपर्यंत, तीसुद्धा याच बेटर केअर फंडातून येते, पण त्याला मीन्स टेस्ट आहे आणि वेळ लागतो.

मिडलंड्सची सूनबाई:
खूप खूप आभार दोघांचे! सासूबाईंना एकच धास्ती, घर विकावं लागणार का? कालपासून नीट जेवल्या नाहीत.

कमिशनिंगवाला:
अजिबात नाही, त्यांना आधी जेवायला सांगा! केअर घरीच घेत असाल तर राहत्या घराची किंमत धरत नाहीत. फक्त सासऱ्यांची बचत आणि उत्पन्न बघतात, जॉइंट खात्यातला त्यांचाच वाटा. बचत २३,२५० पौंडांच्या वर असेल तर ६ आठवड्यांनंतरचा खर्च आपला. तब्येतीच्याच भानगडी जास्त असतील तर एनएचएस कंटिन्यूइंग हेल्थकेअरची चेकलिस्ट (त्या मदतीला पात्र आहेत का याची पहिली तपासणी) भरायला सांगा, ते मिळालं तर सगळा खर्च एनएचएसचा, पण मिळणं अवघड.

ग्लासगोकर:
आमच्या स्कॉटलंडात २०१४ चा कायदाच आहे आरोग्यसेवा आणि सोशल केअर एकत्र चालवायचा आणि ६५ च्या वरच्यांना पर्सनल केअर (आंघोळ, कपडे अशी मदत) २००२ पासून फुकट. तरी माझ्या आत्याला केअरर मिळायला थांबावं लागलं, कारण माणसंच नव्हती. मला विचाराल तर केअररचे पगार वाढवल्याशिवाय पैसे नुसते एकत्र करून भागणार नाही.

ओटी ताई:
अगदी बरोबर. आणि सूनबाई, सासूबाईंचं स्वतःचं केअरर्स असेसमेंट (सांभाळणाऱ्याला काय मदत हवी याची तपासणी) मागायला विसरू नका, २०१४ च्या केअर अ‍ॅक्टप्रमाणे तो त्यांचा हक्क आहे. ‘बायको आहे ना घरी’ असं लिहून कुणी मदतीच्या तासांना कात्री लावली तर गुडघ्यांचं जीपीचं (फॅमिली डॉक्टरचं) पत्र पुढे करा.